मांडणीखालचे पीक

नववर्षाच्या मध्यरात्री न्यूयॉर्कमध्ये दिव्यांचा गोळा खाली उतरतो आणि पेन्सिल्व्हेनियातल्या केनेट स्क्वेअर या गावी दिव्यांची अळिंबी. गाव जेमतेम सहा हजार वस्तीचे, फिलाडेल्फियापासून पन्नास-साठ किलोमीटरवर, चेस्टर काउंटीतले. अमेरिकेत पिकणाऱ्या एकूण अळिंबीपैकी निम्म्याहून अधिक या एका काउंटीतून येते, आणि स्वतःला जगाची मशरूम राजधानी म्हणवून घेताना गावाला मुळीच संकोच होत नाही. १९८६पासून दर सप्टेंबरात तिथे अळिंबीची जत्राही भरते. या जत्रेत सांगितला जाणारा इतिहास साधारण असा असतो: एका कल्पक फुलशेतकऱ्याने सुरुवात केली, कष्टाळू इटालियन कुटुंबांनी ती वाढवली, आणि द्रष्ट्या नातवंडांनी साध्या पांढऱ्या बटण अळिंबीच्या पुढे जाऊन शिताके, धिंगरी, पोर्टोबेलो असे खवय्यांचे प्रकार आणले. यातले प्रसंग खरे आहेत, त्यांची कारणे मात्र उलटी मांडली जातात. या शेतांवर अळिंबी कुणाच्या स्वप्नातून आली नाही. दुसऱ्याच कशासाठी बांधलेल्या जागेत, दुसऱ्याच कुणी टाकून दिलेल्या मालावर ती आली. उंची प्रकारांकडचे वळणही त्याच जातीचे आहे: मुख्य मालाचा भाव गेला, तेव्हा कुटुंबांनी घरात पडून असलेल्या आणि आजवर कमी लेखलेल्या गोष्टींकडे पुन्हा पाहिले.

आरंभ पाहू. १८८५च्या सुमारास विल्यम स्वेन हे क्वेकर पंथीय गृहस्थ केनेट स्क्वेअरमध्ये काचघरात कार्नेशनची फुले पिकवत होते. काचघराचे अर्थशास्त्र मोठे कठोर असते. हिवाळाभर कोळसा जाळून ते उबदार ठेवावे लागते आणि ती ऊब काही फुलांपुरती थांबत नाही. कार्नेशन उंच लाकडी मांडण्यांवर लावलेले असे. मांडणीखाली अंधार, ओल आणि फुकटची ऊब. तिथे पीक घ्यायचे तर सूर्यप्रकाश न लागणारेच हवे, आणि असे पीक एकच. इंग्लंडहून लिदीच्या वाळवलेल्या विटांमध्ये रुजवलेले अळिंबीचे बियाणे, म्हणजे स्पॉन, बोटीने मागवता येत होते. घोड्यांची लीदही दूर नव्हती. ट्रामगाड्या आणि मालगाड्या ओढणाऱ्या शहरातल्या हजारो घोड्यांचा उकिरडा आगगाडीने गावात येई. सरपण आधीच जळत होते, छप्पर आधीच होते, खत शहराला नकोसे होते. नव्याने घ्यायचे ते फक्त बियाणे. फ्रान्समधला दाखलाही याला पुष्टी देतो. पॅरिसभोवतीचे बागायतदार खरबुजासाठी लिदीचे गरम वाफे करत, त्याच वाफ्यांवर त्यांनी अळिंबी घ्यायला सुरुवात केली; पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ती शहराखालच्या चुनखडीच्या सोडून दिलेल्या खाणींत शिरली. म्हणजे आधी खरबुजाचा वाफा, मग रिकामी खाण, मग कार्नेशनची मांडणी. तिन्ही ठिकाणी अळिंबी पोटभाडेकरू म्हणून आली.

स्वेन यांनी पुढे केवळ अळिंबीसाठी घर बांधले आणि पोटभाडेकरू मालक झाला. आजही त्या भागात दिसणाऱ्या बिनखिडक्यांच्या, मधली भिंत सामायिक असलेल्या जुळ्या इमारतींना तिथले लोक ‘डबल’ म्हणतात. आत माळ्यांसारखे एकावर एक लाकडी वाफे रचलेले असतात. विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत या धंद्याचे तंत्र पार पालटले. बेंजामिन डगर यांनी १९०५मध्ये अळिंबीच्या गरापासूनच शुद्ध बियाणे तयार करण्याची रीत दाखवली, त्यामुळे बोटीतून येताना अनेकदा निकामी होणाऱ्या विलायती विटांची गरज संपली. जेम्स सिंडेन यांनी १९३२मध्ये धान्याच्या दाण्यांवर बियाणे वाढवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले; आज भारतात गव्हावर वा ज्वारीवर वाढवलेले जे स्पॉन पिशव्यांतून मिळते, त्याचे मूळ तिथे आहे. दरम्यान शहरातले घोडे नाहीसे होऊन मोटारी आल्या आणि लिदीचा ओघ आटला. मग गवत, मक्याची कणसे आणि नत्र देणारे पदार्थ कुजवून कृत्रिम कंपोस्ट करण्याचे शास्त्र उभे राहिले. याला सहसा प्रगती म्हटले जाते. पण जरा थांबून पाहिले, तर फुकटचा उकिरडा संपल्यावर झालेली ती धावपळ होती, हे लक्षात येते.

याच काळात या कथेतला माझ्या दृष्टीने सर्वांत बोलका पुरावा घडला. तोवर पिकणारी अळिंबी तपकिरी किंवा मळकट रंगाची असे. १९२६मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्याच एका शेतावर, तपकिरी पिकाच्या वाफ्यात, पांढऱ्या शुभ्र अळिंबीचा एक झुबका उगवला. ते नैसर्गिक उत्परिवर्तन होते. त्यापासून बियाणे केले गेले आणि काही वर्षांत पांढऱ्याने बाजार काबीज केला, कारण पांढरे म्हणजे स्वच्छ अशी गिऱ्हाइकाची समजूत होती आणि डब्यातही ते साजरे दिसे. तपकिरी मागे पडली. टोपी पूर्ण उघडलेली, काळपट कल्ले दिसणारी मोठी अळिंबी तर दुय्यम माल ठरली. तोडायला उशीर झालेल्या पिकाची ती खूण होती. एकोणीसशे ऐंशीच्या दशकात अमेरिकी दुकानांत क्रिमिनी आणि पोर्टोबेलो ही नावे झळकू लागली. क्रिमिनी म्हणजे तीच जुनी तपकिरी, आणि पोर्टोबेलो म्हणजे तीच तपकिरी पूर्ण उमलू दिलेली. पांढरे बटण, क्रिमिनी आणि पोर्टोबेलो या तिघी एकाच जातीच्या, शास्त्रीय नावही एकच: ॲगॅरिकस बायस्पोरस. साठ वर्षांपूर्वी ज्या मालाला भाव नव्हता तो पांढऱ्यापेक्षा महाग विकला जाऊ लागला. वाफा तोच, कंपोस्ट तेच, कुटुंबेही बहुतेक तीच.

हे तेव्हाच का घडले? दुसऱ्या महायुद्धानंतर चेस्टर काउंटीतला बराचसा माल डबाबंद होऊन जाई आणि पिझ्झावरचे काप किंवा सूपमधले तुकडे म्हणून संपे. डब्यातल्या अळिंबीला गाव नसते. ती कुठूनही आणता येते. आधी तैवान आणि दक्षिण कोरियातून, मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चीनमधूनही स्वस्त डबे येऊ लागले. परिणाम इतका झाला की १९८०च्या ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी डबाबंद अळिंबीच्या आयातीवर तीन वर्षांसाठी जादा जकात बसवली. जकात तात्पुरती होती आणि ती संपल्यावर काय, हा प्रश्न प्रत्येक शेतकरी कुटुंबापुढे होता. समुद्रापलीकडून ताजी येणे अवघड असलेली किंवा डब्यात शोभा घालवणारी अळिंबी विकणे, एवढीच वाट उरली. नेमक्या याच वेळी, १९८०च्या सुमारास, १९२७पासून अळिंबी पिकवणाऱ्या फिलिप्स कुटुंबाने केनेट स्क्वेअरमध्ये शिताकेसारखे प्रकार बंदिस्त खोल्यांत, व्यापारी प्रमाणावर घ्यायला सुरुवात केली. शिताकेचे जिवंत बियाणे १९७२पर्यंत अमेरिकेत आणायलाच बंदी होती. रेल्वेच्या लाकडी स्लीपरांना कुजवणाऱ्या एका जवळच्या बुरशीशी तिची गल्लत झाल्यामुळे ही बंदी आली, असे सांगतात. बंदी उठल्यावरही जपानी पद्धतीने ओकच्या ओंडक्यांवर पीक यायला वर्ष-दीड वर्ष लागे. लाकडाचा भुसा आणि कोंडा पिशव्यांत भरून, वाफेने निर्जंतुक करून, तोच काळ काही महिन्यांवर आणला गेला. इथेही मूळ माल लाकूड कापणाऱ्याने टाकलेला भुसाच.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. खाणाऱ्यांची चव बदलली म्हणून पीक बदलले, असे का मानू नये? सत्तर-ऐंशीच्या दशकात अमेरिकी शहरांत फ्रेंच आणि इटालियन स्वयंपाकाची हौस वाढली, १९६५च्या कायद्यानंतर आशियाई स्थलांतरितांची संख्या वाढली, शिताकेला आपसूक गिऱ्हाईक मिळाले. शिताकेपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. मागणी नसती तर ती बंदिस्त खोली उभारण्याचे धाडस कोणत्याही कुटुंबाने केले नसते. पण तपकिरीच्या पुनरागमनाला हे स्पष्टीकरण पुरत नाही. तिची चव १९२६पूर्वीही तीच होती आणि चेस्टर काउंटीतल्या इटालियन घरांत ती चव कुणाला शिकवावी लागली नसती. मधल्या सहा दशकांत बदलला तो पांढऱ्याचा भाव. चव दार उघडू शकते, दारापर्यंत लोटते ते नुकसान. शिवाय नुसत्या हौसेने हे वळण आले असते, तर पांढऱ्याला बरकत असतानाच कुणीतरी ते घेतले असते.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. याला कुटुंबाची शेती म्हणायचे तरी का? विसाव्या शतकाच्या आरंभी खाणकामाला आणि रुळांवर आलेले इटालियन मजूर क्वेकर मालकांकडे वाफे भरत; त्यांतलेच अनेक जण पुढे घरे भाड्याने घेऊन, मग विकत घेऊन मालक झाले. ती शिडी त्यानंतर आलेल्यांना तशी सापडली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर प्वेर्तो रिकोचे आणि सत्तरच्या दशकापासून मुख्यत्वे मेक्सिकोच्या ग्वानाहुआतो प्रांतातले तोडणीकामगार आले. ताजी विकायची अळिंबी यंत्राने तोडता येत नाही. चोवीस तासांत ती जवळजवळ दुप्पट होते, त्यामुळे रविवार नाही, सण नाही. अंधाऱ्या खोलीत कपाळावर दिवा लावून, वरच्या माळ्यापर्यंत चढून, देठाला पीळ देऊन एकेक काढायची. १९९३च्या वसंतात केनेट स्क्वेअरजवळच्या एका मोठ्या शेतावर तोडणीकामगारांनी वेतनासाठी संप केला आणि आपली संघटना उभारली. करार हाती पडायला त्यानंतर कित्येक वर्षे गेली. उंची अळिंबीला मिळणारा वाढीव भाव कुणाच्या हातात पडतो, हा प्रश्न तेव्हापासून त्या गावाच्या पाठीस लागला आहे. भांडवलाचा प्रश्नही तितकाच खरा. वाफेची भांडी, गाळलेली हवा, प्रयोगशाळा हे सारे ज्यांना परवडले ते टिकले. एकेकाळी काही शेकड्यांत मोजली जाणारी उत्पादक कुटुंबे आता शंभराच्या आत आली आहेत. म्हणून उंची प्रकारांनी छोट्या शेतकऱ्याला तारले असे म्हणणे धाडसाचे ठरेल. तारले ते काहींना, आणि तेही नातवंडांची कंपनी झाल्यावर. तरीही ‘कुटुंब’ हा शब्द मी सोडत नाही, कारण जमीन, ‘डबल’ आणि कंपोस्टची हातोटी या तीन गोष्टी तिथे वारशानेच गेल्या आणि पडून असलेल्या मालाकडे पाहण्याची सवयही त्यांच्याबरोबर गेली.

‘खवय्यांची अळिंबी’ हे वर्णन पिकाचे नसून बाजाराचे आहे, याची खात्री आपल्याकडे पाहिल्यावर पटते. केनेट स्क्वेअरमध्ये धिंगरी उंची प्रकारांत मोडते आणि पांढरे बटण रोजच्या. महाराष्ट्रात नेमके उलटे आहे. भाताच्या काडावर धिंगरी वाढवण्याची सोपी पद्धत झकिया बानो आणि श्रीवास्तव यांनी म्हैसूरच्या अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत १९६२मध्ये मांडली, आणि तीच आज पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी प्रकल्पापासून गावोगावच्या बचत गटांच्या प्रशिक्षणापर्यंत शिकवली जाते. गव्हाचे वा भाताचे काड, सोयाबीनचा भुसा, उकळते पाणी, प्लॅस्टिकची पिशवी आणि घराची एक सावलीची खोली, एवढ्यावर ती येते. पांढऱ्या बटणाला मात्र पीक धरताना सोळा-अठरा अंशांची थंडी लागते, म्हणजे आपल्या हवेत भांडवलाची वातानुकूलित खोली. त्यामुळे हॉटेलच्या पंगतीत मानाने बसते ती बटण अळिंबी आणि विकायला धडपडावे लागते ते धिंगरीला. काडावर वाढलेली तीच बुरशी एका देशात ताटाची शोभा होते, दुसऱ्यात बचत गटाची वाळवून ठेवलेली पुडी.

यातूनही सुटते ती एकच. पहिल्या पावसानंतर कोकणात आणि गोव्यात वारुळांवर उगवणारी, पानांत बांधून रस्त्याकडेला विकली जाणारी अळंबी, गोव्याची अळमी. तिच्यासाठी लोक मोटारी थांबवतात आणि बटण अळिंबीच्या कितीतरी पट भाव देतात. अजून कुणालाही ती व्यापारी प्रमाणावर पिकवता आलेली नाही. वाळवी चघळलेल्या पाल्यापाचोळ्याचा आणि लाकडाचा वारुळात खोलवर वाफा रचते, त्यावर ही बुरशी जोपासते आणि तीच खाते. पावसात जमिनीवर येते तो त्या शेतीतला माणसाच्या वाट्याला आलेला भाग.