पवईचा सांधा

हिरकणीवाडीहून रोपवेच्या पाळण्यात बसून आपण रायगडावर जातो, तेव्हा सगळा जीव त्या दोरावर असतो. त्याच दोरावरून सिमेंटच्या गोणी न्यायच्या असत्या तर तपासणी इतकी कडक नसती. माणसाला अंतराळात नेणाऱ्या वाहनांची कुळकथाही अशीच आहे. वाहन बहुधा आधीचंच असतं, ते माणसाच्या लायकीचं करावं लागतं.

१२ एप्रिल १९६१ रोजी गागारीनला नेणारा अग्निबाण आर-७ या क्षेपणास्त्राचा वंशज. पुढच्या वर्षी जॉन ग्लेनला नेणारा अ‍ॅटलासही मुळात क्षेपणास्त्रच. १९८४ मध्ये राकेश शर्मा गेले तेही आर-७च्याच घराण्यातल्या अग्निबाणावरून.

माणसांना अंतराळात नेण्यासाठीच्या भारताच्या गगनयानाचं कुळ त्या मानाने सोज्वळ. त्याचा अग्निबाण एलव्हीएम-३ उपग्रहांसाठी घडला. चांद्रयान-३ त्यानेच नेलं. त्यातलं विकास इंजिन फ्रान्सच्या व्हायकिंगवरून आलं. १९७४च्या करारानुसार इस्रोचे अभियंते तिकडे राबले आणि मोबदल्यात तंत्रज्ञान घेऊन आले. पुढे ही इंजिनं विक्रोळीत गोदरेजकडे घडू लागली. आमच्या महाड-पोलादपूरच्या चाकरमान्यांना विक्रोळी स्टेशन पाठ. तिथे हेही होतं, याचा मला फार अभिमान वाटतो. उड्डाणात साधारण २०० सेकंद चालणारं हे इंजिन, माणसासाठी सिद्ध करताना, जुलै २०२१ मध्ये महेंद्रगिरीला सलग २४० सेकंद चालवलं.

खरी धास्ती बाजूच्या एस-२०० बूस्टरची. घन इंधन एकदा पेटलं की विझवता येत नाही. २० मीटरचा हा बूस्टर तीन खंड जोडून होतो. गगनयानासाठीचा मधला खंड लार्सन अँड टुब्रोने २०२० मध्ये, कोविडच्या निर्बंधांत, पवईला पुरा केला: व्यास ३.२ मीटर, लांबी ८.५ मीटर, वजन साडेपाच टन. सांधा चुकला तर काय होतं, ते २८ जानेवारी १९८६ला जगाने पाहिलं. अमेरिकेच्या चॅलेंजर यानाच्या बूस्टरच्या सांध्यातलं रबरी कडं थंडीने ताठरलं, तापलेला वायू फुटून बाहेर आला आणि सात जण गेले. म्हणून माणसांसाठीच्या एचएस-२०० मध्ये सांध्यांना जादा सुरक्षा दिली, आतलं उष्णतारोधक अस्तर भक्कम केलं. १३ मे २०२२ला श्रीहरिकोट्यात २०३ टन इंधन भरून तो १३५ सेकंद पेटवून पाहिला.

एवढं करूनही बिघडलंच तर माणसं सुटली पाहिजेत. २१ ऑक्टोबर २०२३ला त्या सुटकेची चाचणी झाली, तीही विकास इंजिनाच्याच अग्निबाणावर. ऐन पाच सेकंद उरले असताना संगणकाने उड्डाण रोखलं. दोष शोधून त्याच सकाळी १० वाजता ते उडवलं, आणि रिकामी कुपी पॅराशूटने बंगालच्या उपसागरात उतरली.