चाहत्याची वही हा पुरावा आहे का?

मागच्या पोस्टवर दोन-तीन जणांनी विचारलं होतं की नाट्य-इतिहासात पीएचडी करताना ‘प्राथमिक साधन’ म्हणून नेमकं काय धरायचं. नाटकाची छापील संहिता हातात असते, परीक्षणं असतात, नटांची आत्मचरित्रं असतात. मग अडतं कुठे? अडतं ते प्रयोगाशी. संहिता म्हणजे प्रयोग नव्हे. प्रयोग रात्री साडेअकराला संपतो, लोक शेवटची लोकल पकडतात, आणि इतिहासकाराच्या हातात काहीच राहत नाही.

म्हणून आज मी अशा साधनाबद्दल लिहिणार आहे ज्याला आपल्या विद्यापीठांमध्ये अजून नीट नाव नाही. एखाद्या नटाच्या मागे तीस-चाळीस वर्षं चिकाटीने फिरलेला प्रेक्षक, आणि त्याने जमवलेलं सगळं: तिकिटांची अर्धुकं, वर्तमानपत्रातली कात्रणं, जाहिराती, डायरीतल्या दोन ओळी. सिनॉप्सिस सादर केली तेव्हा समितीतल्या एका सरांनी ‘हा फॅन लोकांचा छंद आहे, साधन नाही’ असं म्हणून पान उलटलं होतं. त्यांना मी तिथे जे उत्तर दिलं ते तुटक होतं. हे त्याचंच जरा सविस्तर रूप समजा.

उदाहरण म्हणून दिलीप प्रभावळकर घेते. कारण सोपं आहे: रंगभूमी आणि टीव्ही या दोन्हीकडे इतकी वर्षं सलग ‘काम करत राहिलेला’ नट म्हणून त्यांची कारकीर्द आदर्श केस स्टडी आहे. जन्म १९४४चा. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. म्हणजे मराठी टीव्ही आणि या नटाची उमेदीची वर्षं एकत्रच सुरू होतात. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस चिं. वि. जोशींच्या कथांवरच्या मालिकेत ते चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पुढे ‘अल्फा मराठी’ आलं १९९९मध्ये, आणि २००१पासून ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’मधले आबा. चिमणराव पाहिलेली मुलं तोवर आईबाप झाली होती, आणि आबा पाहायला स्वतःच्या मुलांना घेऊन बसत होती. (आबा साकारताना प्रभावळकर साठीचेही नव्हते, हे आत्ता हिशेब केल्यावर मलाच गंमत वाटली.)

आता विकिपीडिया छापाची कारकीर्द बघा. त्यात टप्पे असतात: अमुक मालिका, तमुक चित्रपट, ‘लगे रहो मुन्नाभाई’मधले गांधी, राष्ट्रीय पुरस्कार. टप्प्यांच्या मधली वर्षं गायब. पण नट मधल्या वर्षांतच जगतो ना! तो शनिवार-रविवार प्रयोग करतो, आठवड्यात चित्रीकरण करतो, रात्रीच्या बसने नाशिक-कोल्हापूर करतो. हे मधलं सगळं पुरस्कारांच्या यादीत सापडत नाही. ते सापडतं त्या माणसाकडे ज्याने तिकीट काढलं होतं.

माझ्याकडे अशी एक वही आहे. आमच्या जुन्या सोसायटीतल्या एका काकूंची. (नाव देत नाही, तसं त्यांना कबूल केलंय.) नोकरी करून, संसार करून त्या नाटकं बघायच्या, सगळी बघायच्या, पण प्रभावळकर असले की पुन्हा पुन्हा. रेघांची साधी वही. रकाने स्वतः आखलेले: तारीख, नाटक, नाट्यगृह, तिकिटाचा दर, रांग, सोबत कोण, आणि शेवटचा रकाना नुसता ‘काय’. त्या ‘काय’मध्ये कधी एक शब्द, कधी चार ओळी. मी विचारलं, “काकू, हे कशासाठी लिहून ठेवलंत?” त्या म्हणाल्या, “अगं, विसरायला होतं.” बस. कुठलीही इतिहासाची जाणीव वगैरे नाही. आणि संशोधकासाठी हीच मोठी गोष्ट आहे. वारसा जपायचा म्हणून लिहिणारा माणूस सजवून लिहितो. विसरू नये म्हणून लिहिणारा माणूस खुर्चीचा नंबर लिहितो.

या वहीतून मला मिळालेली सगळ्यात मौल्यवान नोंद प्रभावळकरांबद्दल नाहीच. ती अशी: मुलगा रडायला लागला म्हणून दुसरा अंक बाहेरून, दाराशी उभं राहून ऐकला. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी पुढे गेले होते, मग परत आले. मराठी रंगभूमीवरच्या किती पुस्तकांत तुम्हाला लहान मूल कडेवर घेऊन दाराबाहेर नाटक ‘ऐकणारा’ प्रेक्षक भेटलाय? ‘स्त्री-प्रेक्षक’ यावर आपण प्रकरणं लिहितो, सिद्धांत लावतो. इथे ती स्वतः उभी आहे. तिने पुढच्या महिन्यात तेच नाटक पुन्हा पाहिलंय, यावेळी सोबतच्या रकान्यात कोणीच नाही. ‘काय’मध्ये: ‘दुसरा अंक.’

टीव्हीच्या नोंदींतही असंच. चिमणरावच्या दिवसांतल्या पानांवर मालिकेचं नाव आणि पुढे कोणाच्या घरी पाहिली ते. कारण घरात संच नव्हता. चिमणरावबद्दल तुम्ही कुणालाही विचारा, ‘रस्ते ओस पडायचे’ हे वाक्य हमखास मिळेल. हेच वाक्य रामायण-महाभारताबद्दलही मिळतं, आणि बहुतेक सगळ्या लोकप्रिय मालिकांबद्दल. असं साच्यातलं वाक्य मुलाखतीत आलं की माझे कान टवकारतात. ते खोटं असतं असं नाही, पण ती त्या माणसाची स्वतःची आठवण राहिलेली नसते. सगळ्यांची मिळून एक झालेली असते. त्याऐवजी ‘खालच्या मजल्यावरच्यांकडे, दारात बसून’ ही नोंद घ्या. एका ओळीत टीव्ही कोणाकडे होता, कोण पाहुणा होता, कोणाला आत बसायला जागा होती आणि कोणाला नव्हती, हे सगळं येतं.

पण थांबा. वही मिळाली म्हणजे पुरावा मिळाला असं नाही. चाहता हा चाहता असतो. त्याला आपला नट कायम उत्तमच दिसतो. मग पडताळायचं कसं?

पहिली ताडणी वर्तमानपत्रातल्या जाहिरातींशी. नाटकांच्या जाहिराती हे मराठीतलं अफाट साधन आहे आणि फार कमी जण ते नीट वापरतात. कुठल्याही जुन्या ग्रंथसंग्रहालयात बांधीव फायली काढा (मास्क लावा, ती धूळ चेष्टेची नाही). शिवाजी मंदिर, साहित्य संघ, रवींद्र, गडकरी रंगायतन, पुण्यात बालगंधर्व: कुठे, किती वाजता, कितवा प्रयोग, सगळं असतं. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, जाहिरात म्हणजे प्रयोग होणार असल्याचा पुरावा, झाल्याचा नव्हे. नट आजारी पडतो, पाऊस पडतो, बुकिंग होत नाही. प्रयोग झाला हे सांगायला कोणीतरी तिथे बसलेलं असावं लागतं, आणि तेच वहीत आहे. दोन, प्रयोगसंख्या ही सरळ मोजणी नसते. नाटक नव्या संस्थेकडे गेलं, नव्या संचात आलं, की आकडा कधी पुढे चालू राहतो, कधी पुन्हा एकपासून. ‘पाचशेवा’ असं वाचलं की आधी विचारायचं, कोणाचा पाचशेवा? नाटकाचा, संस्थेचा की नटाचा? प्रशांत दामलेंनी २०२२च्या नोव्हेंबरात १२,५००वा प्रयोग केला तो आकडा नटाचा होता, अनेक नाटकांचा मिळून. असा आकडा अस्तित्वात येतो याचा अर्थच हा की कुणीतरी वर्षानुवर्षं रोजच्या रोज लिहून ठेवत होतं.

दुसरी ताडणी छापील संहितेशी. मराठी नाटकाच्या पुस्तकात सुरुवातीलाच पहिल्या प्रयोगाची तारीख, स्थळ आणि श्रेयनामावली देण्याची चांगली पद्धत आहे. मात्र ती पहिल्या प्रयोगाची नामावली. तीनशेव्या प्रयोगात तीच माणसं होती असं धरून चालू नका.

तिसरी, नटाच्या स्वतःच्या लेखनाशी. प्रभावळकरांनी स्वतःच्या भूमिकांबद्दल ‘एका खेळियाने’ लिहिलंय. ते वाचाच. पण नट मंचावरून बघतो, त्याला दिवे दिसतात आणि अंधार दिसतो. अंधारातून काय दिसत होतं ते त्याला ठाऊक नसतं. दोघांच्या म्हणण्यात जिथे फरक पडतो, तिथे माझं प्रकरण सुरू होतं.

एक उदाहरण देते. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’त प्रभावळकर मतिमंद मुलाचा बाप होते, मुलगा अतुल परचुरे. आणि १९९१च्या ‘चौकट राजा’ चित्रपटात ते स्वतःच नंदू, म्हणजे मोठ्या वयाचा पण मनाने मूल राहिलेला माणूस. परीक्षणं ही दोन कामं वेगवेगळी तपासतात, कारण एक नाट्यसमीक्षक लिहितो, दुसरा चित्रपटसमीक्षक. चाहता मात्र दोन्ही एकाच डोक्यात घेऊन बसलेला असतो. नंदू बघताना त्याला तो बाप आठवत असतो. नटाची ‘प्रतिमा’ म्हणून आपण जे म्हणतो ते या साठवणीतून तयार होतं, आणि ही साठवण समीक्षकापेक्षा चाहत्याकडे जास्त असते. प्रभावळकरांनी ‘हसवाफसवी’ लिहिलं, त्यात एकट्याने सहा भूमिका केल्या, आणि त्यात चिमणरावही आणला. टीव्हीवरचा माणूस परत रंगमंचावर! आधी मालिका पाहिलेल्या प्रेक्षकाशिवाय त्या प्रवेशाला काय अर्थ राहिला असता? त्याच नाटकातले कृष्णराव हेरंबकर म्हणजे संगीत नाटकाच्या जमान्यातले थकलेले गायक-नट. म्हणजे नट स्वतःच आपल्या आधीच्या नटांचा चाहता होऊन उभा आहे. मला विचाराल तर मराठी रंगभूमीच्या स्मृतीवरचा तो एक निबंधच आहे, फक्त हसवत लिहिलेला.

‘हे सगळं ठीक, पण याला पूर्वपरंपरा काय?’ हा प्रश्न व्हायवात येणारच, तेव्हा तयारी ठेवा. लंडनमधला सॅम्युअल पेपिस हा आरमाराच्या कचेरीतला अधिकारी. १६६०पासून नऊ वर्षं त्याने डायरी लिहिली, आणि त्याला नाटकाचं इतकं वेड की नाटक न बघण्याच्या शपथा घ्यायचा आणि मोडायचा. स्त्रीला रंगमंचावर काम करताना त्याने पहिल्यांदा पाहिलं ते जानेवारी १६६१मध्ये, ही नोंद आज प्रत्येक इंग्रजी नाट्य-इतिहासात आहे. शेक्सपिअरचं ‘मिडसमर नाइट्स ड्रीम’ त्याला टाकाऊ वाटलं, हेही. किंवा जॉन जेनेस्ट बघा: बाथमधला धर्मगुरू, ज्याने नाटकांची हस्तपत्रकं वगैरे चाळून इंग्रजी रंगभूमीचा इतिहास दहा खंडांत १८३२मध्ये काढला. टीव्हीतलं उदाहरण तर आणखी बोलकं. बीबीसीने साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’च्या कितीतरी भागांच्या टेप पुसून टाकल्या. चित्रं गेली. आवाज मात्र राहिला, कारण घराघरांत पोरं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून बसली होती. टेप महाग, म्हणून पुन्हा वापरायची, हा व्यवहार आपल्याकडच्या दूरदर्शनलाही अनोळखी नव्हता.

आणि आता घाईचा मुद्दा. रत्नाकर मतकरींचं ‘आरण्यक’ १९७४मध्ये आलं. त्यात प्रभावळकर विदुर होते. २०१८मध्ये ते पुन्हा रंगभूमीवर आलं तेव्हाही विदुर तेच, आणि धृतराष्ट्र दोन्ही वेळा रवी पटवर्धन. तिशीतला नट म्हातारा विदुर करतो तेव्हा तो वय ‘करतो’. सत्तरीपार तोच नट विदुर होतो तेव्हा काय करतो? अभिनयाच्या इतिहासात याहून सुंदर प्रश्न मला सुचत नाही. पण उत्तर द्यायला दोन्ही प्रयोग पाहिलेला माणूस पाहिजे. मतकरी आणि पटवर्धन दोघेही २०२०मध्ये गेले. १९७४ला विशीत असलेला प्रेक्षक आज सत्तरी ओलांडून गेलाय. त्याच्या वह्या कपाटाच्या वरच्या फळीवर आहेत, आणि घर रीडेव्हलपमेंटला गेलं की सर्वात आधी रद्दीत काय जातं ते तुम्हाला माहीत आहे.

तेव्हा तुमच्या घरी, ओळखीत अशी वही असेल तर मोबाइलवर पानापानाचा फोटो काढा, कव्हरचाही, कोऱ्या पानांचाही. पानांत खोचलेली तिकिटं काढू नका, जिथे आहेत तिथेच ठेवून फोटो घ्या. कुठल्या पानात होती हीसुद्धा माहिती असते. मालकाची लेखी परवानगी घ्या, नावं वापरायची की नाही ते विचारा. आणि मुलाखत घेताना ‘तुम्हाला ते नाटक कसं वाटलं’ असं विचारू नका. ‘त्या दिवशी घरून किती वाजता निघालात’ असं विचारा. नाटक आपोआप येतं.

काकूंची वही साधारण २०१६-१७पर्यंत नियमित आहे. मग तिकिटं फोनवर यायला लागली, मुलगा बुक करून द्यायचा, आणि रकाने रिकामे व्हायला लागले. तारीख आहे, नाटक आहे, दर नाही, रांग नाही. तो फोन बदलला तेव्हा ती तिकिटंही गेली. त्या दोन-तीन वर्षांचे प्रयोग मी सध्या जाहिरातींवरून लावतेय; आत्तापर्यंत अकरा जुळले, चार राहिलेत.