भूकंपाची पूर्वसूचना आणि अल्पखर्चिक संवेदकांचे जाळे : तैवानचा अनुभव

प्रस्तावना
भूकंपाचे भाकीत विज्ञानाला अद्याप साधलेले नाही. पूर्वसूचना ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. भूकंपाच्या प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे 6 कि.मी., तर अधिक विध्वंसक दुय्यम लहरी सुमारे 3.5 कि.मी. वेगाने जातात, तारेवरचा संदेश या दोहोंपेक्षा वेगवान असतो. शहराबाहेर यंत्रे बसवून तारायंत्राद्वारे शहरात घंटा वाजवावी, ही कल्पना जे. डी. कूपर यांनी 1868 मध्येच सॅन फ्रान्सिस्को येथे मांडली होती. तिचा पुढील प्रवास तैवानच्या उदाहरणावरून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्वालिएन ते चीची
15 नोव्हेंबर 1986 रोजी ह्वालिएनजवळ झालेल्या भूकंपाने सुमारे 120 कि.मी. दूर असलेल्या तैपेई परिसरातही मोठी हानी झाली. दुय्यम लहरींना हे अंतर कापण्यास तीस सेकंदांहून अधिक वेळ लागतो. हा अवधी उपयोगात आणता येईल, या विचाराने तेथील संशोधनास चालना मिळाली. 21 सप्टेंबर 1999 च्या चीची भूकंपाचे स्थान व महत्ता 102 सेकंदांत निश्चित झाली. मदतकार्याच्या दृष्टीने ही मोठी प्रगती होती. परंतु तोवर लहरी बेटाच्या टोकापर्यंत पोहोचल्या होत्या. या आपत्तीत 2,400 हून अधिक लोक मृत्युमुखी पडले.

शाळांमधील संवेदक
राष्ट्रीय तैवान विद्यापीठातील यी-मिन वू व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये ह्वालिएन भागात ‘पी-अलर्ट’ची 15 यंत्रे बसविली. पुढे ही संख्या 600 हून अधिक झाली. यांतील बहुतेक यंत्रे प्राथमिक शाळांत आहेत, कारण वीज व इंटरनेट तेथे आयतेच उपलब्ध होते. या स्वस्त त्वरणमापकांना दुर्बल कंप टिपता येत नाहीत. मात्र इशाऱ्यासाठी तीव्र हादरेच महत्त्वाचे असतात. जाळे दाट असल्याने केंद्राजवळचे यंत्र लवकर जागे होते आणि इशारा न पोहोचणारे ‘अंध क्षेत्र’ आक्रसते.

समारोप
6 फेब्रुवारी 2016 च्या भूकंपातील 117 मृतांपैकी 115 जण ताइनानमधील एकाच इमारतीत दगावले. 3 एप्रिल 2024 रोजी तीव्रतेचा प्राथमिक अंदाज कमी आल्याने तैपेईकरांच्या भ्रमणध्वनीवर शासकीय इशारा पोहोचलाच नाही. किल्लारीत (1993) तर गावे केंद्राच्या निकटच होती. अशा ठिकाणी दाट जाळेही फार थोडे सेकंद देऊ शकते. तात्पर्य, संवेदक वेळ मिळवून देतात. त्या वेळेचे मोल मात्र घरांच्या भक्कमपणावरच ठरते.