सायकली हौद्यात, सायकलस्वार आसनावर

उरण तालुक्याच्या टोकाला असलेल्या करंजा बंदरातून खाडीपलीकडचे रेवस नजरेच्या टप्प्यात दिसते. एका बाजूला द्रोणागिरीचा डोंगर, दुसरीकडे १९३०च्या जंगल सत्याग्रहाची आठवण जपणारे चिरनेर आणि पलीकडे अलिबागचा किनारा. मुंबई, नवी मुंबई आणि पनवेलच्या सायकलप्रेमींना हा परिसर खुणावतो यात नवल नाही. अडचण आहे ती इथवर पोचण्याची. १९८९मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झाल्यापासून उरणकडील रस्ते कंटेनरवाहू ट्रेलरनी व्यापले. जानेवारी २०२४मध्ये खुल्या झालेल्या २१.८ किलोमीटर लांबीच्या अटल सेतूवर सायकली व दुचाकींना मज्जाव आहे. त्यामुळे समूहाने निघणाऱ्यांना सायकली पिकअप टेम्पोत चढवून आणणे सोयीचे ठरते. मात्र ही वाहतूक कशी करावी आणि कशी करू नये, याची माहिती अनेकांना नसते.

जुनीच पद्धत

माउंटन बाइक आणि पिकअप यांचे नाते या खेळाच्या जन्मापासूनचे आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरीन काउंटीमध्ये २१ ऑक्टोबर १९७६ रोजी 'रीपॅक' नावाची उतारावरील शर्यत झाली. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्या वर्तुळातील मंडळी पुढे या खेळाचे प्रवर्तक म्हणून ओळखली गेली. जुन्या, वजनदार सायकली पिकअपमधून डोंगरमाथ्यावर न्यायच्या आणि कच्च्या वाटेने खाली सुटायचे, असा तो प्रकार होता. उतारावर ब्रेक इतके तापत की चाकाच्या तुंब्यातील ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरूनच शर्यतीला हे नाव पडले.

प्रश्न वजनाचा नव्हे, जागेचा

साधारण माउंटन बाइकचे वजन १३ ते १६ किलो भरते. दहा सायकली झाल्या तरी भार दीडशे किलोंच्या आसपास. छोट्या टेम्पोलाही तो जड नाही. खरी अडचण रुंद हँडलची. २००५मध्ये बाजारात आलेल्या आणि 'छोटा हाथी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टाटा एसचा हौदा सुमारे सात फूट लांब व पाच फूट रुंद असतो. त्यात सहा फुटी सायकली एकीचे तोंड पुढे, दुसरीचे मागे अशा उभ्या केल्यास चार नीट मावतात. मोठ्या पिकअपचा हौदा साडेपाच फुटांच्या आसपास रुंद असतो. पुढचे चाक काढल्यास सायकलची लांबी पाच फुटांवर येते आणि सायकली आडव्या ओळीत लावून सात-आठ सहज नेता येतात.

चाक काढताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर ब्रेक पॅडच्या मधे प्लास्टिकची पट्टी किंवा पुठ्ठ्याची घडी सरकवावी; अन्यथा वाटेत ब्रेकची मूठ दाबली गेल्यास पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक पुन्हा बसत नाही. तसेच फोर्कची टोके पत्र्यावर न टेकवता लाकडी फळीवर किंवा जाड फोमवर ठेवावीत.

हौद्यात आधी गोणपाट किंवा जुनी सतरंजी अंथरावी. एकीचे पेडल दुसरीच्या स्पोकमध्ये अडकणार नाही आणि गिअरच्या बाजूवर शेजारच्या सायकलीचा भार येणार नाही, हे पाहावे. प्रत्येक सायकल स्वतंत्र पट्ट्याने बांधावी. जुन्या ट्यूबच्या पट्ट्या यासाठी उत्तम. त्या ताण धरतात आणि रंगही खरवडत नाहीत. कार्बनच्या फ्रेमवर आवळपट्टा कसू नये. फाळका बंद केल्यावर एकदा, आणि पहिल्या दहा किलोमीटरनंतर पुन्हा एकदा गाठी तपासाव्यात.

माणसांचे काय?

सायकली नीट बांधल्या जातात, पण पैसे वाचवण्यासाठी मंडळी त्यांच्याच शेजारी हौद्यात बसतात. इथे धोका केवळ अपघाताचा नसतो. मोटार वाहन कायद्यात १९९४मध्ये झालेल्या दुरुस्तीने मालवाहू वाहनातून जाणाऱ्या मालाच्या मालकाला किंवा त्याच्या प्रतिनिधीला विम्याचे संरक्षण मिळाले. परंतु त्याने चालकाच्या केबिनमध्येच बसणे अपेक्षित आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७च्या एका निकालात स्पष्ट केले. मालवाहू वाहनातून फुकट नेलेल्या प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, हे त्याआधी २००२मध्येच न्यायालयाने सांगितले होते. म्हणजे हौद्यात बसलेल्याला अपघातात अपंगत्व आले, तर भरपाईसाठी त्याच्या कुटुंबाला टेम्पोमालकामागे धावावे लागण्याची वेळ येऊ शकते. वाहन भाड्याने घेताना पाटी पिवळी आहे ना, हेही पाहावे. खासगी नोंदणीच्या पिकअपने भाडे घेणे नियमबाह्य आहे. हौद्याबाहेर मर्यादेपलीकडे माल डोकावल्यास २०१९च्या दुरुस्तीनुसार वीस हजार रुपये दंड आहे. बांधलेल्या सायकलींमुळे मागचे दिवे व क्रमांकाची पाटी झाकली जाणार नाही, याचीही खबरदारी घ्यावी.

करंजाहून पुढे

करंजा-रेवस लाँचमधून सायकल नेता येते, टेम्पो नाही. त्यामुळे अलिबागचा बेत असल्यास सायकली बंदरावर उतरवून घ्याव्यात आणि रिकामा टेम्पो पेण-वडखळमार्गे वळसा घालून अलिबागला पाठवावा. तो निघण्यापूर्वी पाण्याचा साठा, जादा ट्यूब, पंप आणि प्रथमोपचाराची पेटी आपल्याकडे काढून घेण्यास विसरू नये. खाडी ओलांडल्यावर मदतीचे वाहन काही तास सोबत नसते. पावसाळ्यात हवामान बिघडल्यास लाँच बंद राहू शकते. म्हणून लाँच सुटणार याची खात्री होईपर्यंत टेम्पो बंदरावरच थांबवावा. सायकली हौद्यात आणि माणसे मोटारीत, एसटीत किंवा केबिनमधील आसनांवर, हा हिशेब थोडा महाग पडतो. समूहात वाटून घेतल्यास तो खर्च फारसा जाणवत नाही.