बेसचं बिल कोण भरतं? सबवूफरची शंभर वर्षांची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हा त्याचा लेखी अवतार. बोलताना फुटलेले फाटे थोडे छाटलेत, बाकी सगळं तेच.

सुरुवात माझ्याच फजितीपासून. पहिला बोनस आला आणि मी सबवूफर घेतला. १० बाय १२ची खोली, कोपऱ्यात तो काळा डबा आणि आवाज अर्ध्यावर. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू दारात. म्हणाल्या, "अरे, घरात पिठाची गिरणी टाकलीय का?" मी इंजिनिअर माणूस, लगेच मोबाइलवरचं साउंड मीटर अ‍ॅप काढलं. "काकू, बघा ना, आकडा किती कमी आहे." काकूंनी आकड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता खाली गेल्या.

अ‍ॅप खोटं बोलत नव्हतं आणि काकूही नाही. हे कसं काय, ते शोधता शोधता मी सबवूफरच्या इतिहासात शिरलो. त्या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: बेस हवा तर त्याचं बिल कोण भरणार?

गोष्ट सुरू होते १९२५मध्ये. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कॉइल आणि कागदी कोनाच्या स्पीकरवर पेपर लिहिला. आज तुमच्या घरात जो स्पीकर आहे, तो मुळात त्याच जातीचा. पण त्यात एक गोची होती. कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागची हवा ओढतो. खालच्या सुरांच्या लाटा लांबलचक असतात. २० हर्ट्झची लाट जवळपास १७ मीटर! ती कोनाला वळसा घालून मागच्या लाटेला भेटते आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून मागची बाजू कोंडायला खोका हवा. वर आणखी एक हिशोब: तेवढाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर कोनाने चौपट हवा हलवावी लागते. ८० हर्ट्झवरून ४०वर आलात की चौपट, २०वर आलात की सोळापट. म्हणजे मोठा कोन आणि कपाटाएवढा खोका. थोडक्यात, पहिलं बिल घरातल्या जागेने भरलं.

मग १९५४. एडगर विल्चर नावाच्या माणसाने हेन्री क्लॉसबरोबर अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली आणि एआर-१ हा स्पीकर आणला. विल्चरची आयडिया साधी आणि भारी होती. तोपर्यंत कोनाला जागेवर परत आणायचं काम त्याच्या कडेचं ताठ सस्पेन्शन करायचं. विल्चरने ते ढिलं केलं आणि खोका छोटा, हवाबंद केला. आतली कोंडलेली हवाच स्प्रिंग झाली, आणि ही हवेची स्प्रिंग जास्त प्रामाणिक निघाली. पुस्तकांच्या फळीवर मावेल अशा खोक्यातून खोल, स्वच्छ बेस यायला लागला.

फुकटात? छे. हा स्पीकर वीज खायचा. तेवढ्याच आवाजाला जास्त दमदार अ‍ॅम्प्लिफायर लागायचा. बिल जागेकडून सरकून अ‍ॅम्प्लिफायरकडे गेलं.

या देवघेवीला लोक हॉफमनचा नियम म्हणतात. जे. अँटन हॉफमन हे केएलएच कंपनीच्या नावातले 'एच'. नियम असा: खोल बेस, छोटा खोका आणि कमी विजेत मोठा आवाज, यातल्या दोनच गोष्टी मिळतील. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना हे ओळखीचं वाटेल. 'लवकर, स्वस्त, चांगलं, यातलं कुठलंही दोन निवडा' याचाच हा थोरला भाऊ. जाहिरातीत कुणी तिन्ही एकदम देत असेल, तर तिसरं कुठेतरी कापलेलं असतं.

खोक्याला भोक असलेला स्पीकर पाहिलाय ना? हॉस्टेलवर टू पॉईंट वनच्या वूफरच्या त्या भोकाशी हात धरून आपण हवा तपासायचो. ती कल्पनाही जुनी. बेल लॅब्जच्या अल्बर्ट थुरस यांना १९३२मध्ये तिचं पेटंट मिळालं. पण खोका केवढा आणि भोक केवढं, हा बराचसा अंदाजपंचे कारभार होता. तो संपवला ऑस्ट्रेलियाने. नेव्हिल थील यांनी १९६१मध्ये त्याचं गणित मांडलं, पण जगाचं लक्ष गेलं १९७१मध्ये, अमेरिकेतल्या ऑडिओ जर्नलने तो पेपर पुन्हा छापल्यावर. मग सिडनी विद्यापीठातल्या रिचर्ड स्मॉल यांनी ते काम पुढे नेलं. आज कुठल्याही स्पीकरच्या डेटाशीटवर 'थील-स्मॉल पॅरामीटर्स' दिसतात ते यांचेच.

याचा खरेदीशी थेट संबंध आहे. भोकवाला खोका ठरावीक सुरापर्यंत जास्त जोर देतो, पण त्याखाली धाडकन पडतो, सप्तकाला साधारण २४ डेसिबलने. बंद खोका हळू उतरतो, साधारण १२ने. छोट्या खोलीत भिंती स्वतःच खालच्या सुरांना हात देतात. म्हणून आपल्या १० बाय १२मध्ये गाणी ऐकायला आठ किंवा दहा इंची, बंद खोक्याचा, आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला सब पुष्कळ झाला.

आता येतो सिनेमा. १९७४मध्ये 'अर्थक्वेक' आला. युनिव्हर्सलने त्यासाठी सेन्सराउंड नावाची यंत्रणा केली आणि थिएटरात सर्विन-वेगाचे अवाढव्य बेस स्पीकर लावले. भूकंपाच्या सीनला खुर्च्या थरथरायच्या. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरमध्ये तर प्लास्टर पडेल या भीतीने छताखाली जाळी बांधावी लागली! १९७७मध्ये 'स्टार वॉर्स'च्या ७० मिलिमीटर प्रिंट्समध्ये खास बेससाठी ट्रॅक राखले गेले. १९९२मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटल आलं आणि 'फाइव्ह पॉईंट वन' घरोघरी पोचायला लागलं. तो 'पॉईंट वन' म्हणजे हाच बेसचा चॅनेल. बाकी चॅनेलच्या पट्ट्याचा अगदी छोटासा हिस्साच त्याला लागतो, म्हणून .१.

घरात सब लपवायची कला त्याच काळातली. बंगाली वडिलांचा मुलगा, एमआयटीतले प्राध्यापक अमर बोस, यांच्या कंपनीने १९८७मध्ये अकूस्टिमास आणलं: तळहाताएवढे स्पीकर समोर आणि बेसचा डबा सोफ्यामागे. हे चालतं, कारण खूप खालचा सूर कुठून येतोय ते कानाला नीट कळत नाही. टीएचएक्सने घरासाठी ८० हर्ट्झची सीमा धरली ती याच कारणाने. त्याच्या बऱ्याच वर कापलंत, तर गायकाचा आवाज सोफ्याखालून यायला लागतो.

पण डबा लपला तरी बिल उरलंच. ते आता खोलीवर आलं. १२ फूट लांबीची खोली ४७ हर्ट्झच्या आसपास घुमते, १० फूट रुंदीची बाजू ५६च्या आसपास. भिंतीला टेकून बसलात तर घुमघुम, खोलीच्या मध्यात बसलात तर तेच सूर गायब. २००२मध्ये हार्मन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी दाखवलं की समोरासमोरच्या भिंतींच्या मधोमध दोन सब ठेवले, तर हा चढउतार बराच कमी होतो. एकच सब असेल तर जुनी युक्ती: सब तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बेस गिटारचं गाणं लावा आणि जमिनीलगत रांगत फिरा. जिथे सगळे सूर सारखे ऐकू येतील, तिथे सबला बसवा. मग क्रॉसओव्हर ८०च्या आसपास, आणि फेजचं बटण दोन्हीकडे करून ज्यात आवाज भरलेला वाटेल ते ठेवा. आवाज शेवटी, आणि सब आहे हे विसरायला होईल इतपतच.

आता काकू. १९३३मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी मोजलं की हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर फार कमी ऐकू येतात. त्यावर बेतून मीटरमध्ये 'ए' नावाची चाळणी बसली. ती ५० हर्ट्झला तब्बल ३० डेसिबल वजा करते. उलट भिंत आणि स्लॅब वरचे सूर अडवतात, पण सूर एक सप्तक खाली गेला की त्यांची अडवायची ताकद साधारण ६ डेसिबलने घटते. म्हणजे जे काकूंच्या घरात पोचत होतं, नेमकं तेच माझं अ‍ॅप वजा करत होतं. मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर छाती हलते आणि आकडा मात्र तेवढा वाटत नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

शेवटी मी रूममेटला गाणं लावायला सांगितलं आणि काकूंकडे जाऊन बसलो. गाणं नव्हतंच. सूर नाही, शब्द नाही, नुसतं धप्प... धप्प. काकांची झोपायची खोली नेमकी त्याखाली.

सब कोपऱ्यातून हलवला, खाली जाड फोम टाकला. फोमने जमिनीतून जाणारी थरथर कमी झाली. हवेतून जाणारा बेस फोम थांबवत नाही, म्हणून आवाज उतरवला आणि रात्री दहानंतर सबची पिन काढायची असं ठरवलं. मग परत खाली जाऊन ऐकलं. तेव्हा कुठे सेटअप पूर्ण झाला.

शंभर वर्षं हे बिल जागेकडून अ‍ॅम्प्लिफायरकडे, तिथून खोलीकडे सरकत आलंय. आपण भरलं नाही, तर ते खालच्या मजल्यावर जातं. सब घ्या, मजा करा. फक्त एकदा खाली जाऊन ऐकून या.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!