पीटर पॅनचे उड्डाण आणि पलंगावरून उडी घेणारी मुले

१/६
लहान मूल नाटक पाहण्याजोगे कधी होते? वयाचा आकडा हे सोपे उत्तर. पण ते किती अपुरे आहे, हे लंडनच्या एका नाटकाने दाखवून दिले.

२/६
२७ डिसेंबर १९०४. ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये जे. एम. बॅरी यांच्या ‘पीटर पॅन’चा पहिला प्रयोग झाला. कधीच मोठा न होणारा पीटर तीन भावंडांना उडायला शिकवतो आणि ती खिडकीतून त्याच्यासोबत निघून जातात. नट तारांच्या आधाराने उडत.

३/६
मोठ्यांना तारांची कल्पना होती. लहानांना दिसले ते केवळ उड्डाण. घरी जाऊन कित्येक मुलांनी पलंगावरून उडण्याचा प्रयत्न केला आणि त्यांच्यावर शस्त्रवैद्याकडे जाण्याची वेळ आली. १९२८ साली छापलेल्या संहितेच्या अर्पणपत्रिकेत बॅरी यांनीच हे नमूद केले आहे.

४/६
पालकांच्या विनंतीवरून त्यांनी नाटकात एक अट घातली: अंगावर परीची धूळ फुंकल्याशिवाय कोणालाही उडता येणार नाही. ती धूळ अर्थातच कोणाच्या घरी नव्हती.

५/६
याच नाटकात टिंकर बेल ही परी मरणपंथाला लागते, तेव्हा पऱ्यांवर विश्वास असणाऱ्यांनी टाळ्या वाजवाव्यात, असे पीटर विनवतो. मुलाला पलंगावरून उडी घ्यायला लावणारा विश्वास आणि परीला वाचवणारा विश्वास एकच होता.

६/६
म्हणून पाहायचे ते एवढेच: रंगमंचावरचे खरे रंगमंचावरच ठेवणे मुलाला जमते का? जमत नसेल, तर ती जबाबदारी मोठ्यांची. बॅरी यांनी मुलांना नाट्यगृहाबाहेर ठेवले नाही. त्यांनी नाटक बदलले.