शेरलॉक होम्सची पडद्यावरील रूपांतरे

शेरलॉक होम्सची पडद्यावरील रूपांतरे म्हणजे सर आर्थर कॉनन डॉयल (१८५९–१९३०) यांनी निर्माण केलेल्या शेरलॉक होम्स या काल्पनिक गुप्तहेराच्या कथांवर आधारलेले चित्रपट व दूरचित्रवाणी मालिका होत. चित्रपट आणि दूरचित्रवाणीवर सर्वाधिक वेळा साकारली गेलेली मानवी साहित्यिक व्यक्तिरेखा म्हणून होम्सची नोंद २०१२ मध्ये गिनीज बुकाने केली. त्या वेळी ही संख्या २५४ इतकी होती. इतक्या रूपांतरांमुळे 'खरा होम्स कोणाचा' हा प्रश्न वाचक व प्रेक्षकांमध्ये गेले शतकभर वादाचा विषय राहिला आहे. हा वाद केवळ अभिनयाच्या तुलनेपुरता मर्यादित नाही. मूळ संहितेशी किती एकनिष्ठ राहावे, कथेचा काळ बदलावा की नाही आणि डॉ. वॉटसनला कोणते स्थान द्यावे, हे त्यातील खरे मुद्दे आहेत.

मूळ संहिता आणि रूढ प्रतिमा

डॉयल यांनी होम्सवर चार कादंबऱ्या आणि ५६ लघुकथा लिहिल्या. पहिली कादंबरी १८८७ मध्ये, तर शेवटची कथा १९२७ मध्ये प्रसिद्ध झाली. या साठ रचनांना चाहते 'कॅनन', म्हणजे प्रमाण संहिता, असे म्हणतात आणि कोणत्याही रूपांतराचे मोजमाप याच संहितेच्या आधारे करतात. धर्मग्रंथांच्या अभ्यासातील हा शब्द होम्सच्या बाबतीत रूढ होण्यामागे थोडी थट्टा आहे. रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये बायबलच्या चिकित्सेची पद्धत होम्सकथांना लावून एक विनोदी निबंध वाचला आणि त्यातून होम्स व वॉटसन ही खरीच माणसे होती असे मानून कथांतील विसंगती सोडविण्याचा 'खेळ' सुरू झाला. १९३४ मध्ये न्यूयॉर्क येथे ख्रिस्तोफर मॉर्ली यांनी स्थापन केलेल्या 'बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स' या मंडळाने तो पुढे नेला.

गंमत अशी की, सामान्य प्रेक्षकाच्या मनातील होम्सची प्रतिमा बरीचशी संहितेबाहेरची आहे. पुढे-मागे झापा असलेली 'डिअरस्टॉकर' टोपी त्या नावाने डॉयल यांच्या कथांत कोठेही येत नाही. 'स्ट्रँड' मासिकाचे चित्रकार सिडनी पॅजेट यांनी ती रेखाटली आणि तीही होम्स ग्रामीण भागात प्रवासाला निघालेला असताना. लंडनच्या रस्त्यांवर ती टोपी घालणे त्या काळच्या सद्गृहस्थाला शोभले नसते. बाकदार चिलीम अमेरिकन नट विल्यम जिलेट यांनी १८९९ च्या आपल्या नाटकाद्वारे लोकप्रिय केली. 'हे तर अगदी सोपे आहे, माझ्या प्रिय वॉटसन' अशा आशयाचे जगप्रसिद्ध वाक्यदेखील त्या स्वरूपात साठांपैकी एकाही रचनेत आढळत नाही. त्यामुळे एखादे रूपांतर 'मूळाप्रमाणे' आहे असे प्रेक्षक म्हणतो, तेव्हा त्याला डॉयल अभिप्रेत असतात की जिलेट, हे प्रथम तपासावे लागते.

मूकपटांचा काळ

पडद्यावरील पहिला ज्ञात होम्स १९०० सालच्या सुमारे अर्ध्या मिनिटाच्या अमेरिकन मूकपटात दिसतो. त्यात अचानक अदृश्य होणारा एक चोर होम्सला चक्रावून सोडतो; तर्कशक्तीचा त्यात काहीच संबंध नाही. जिलेट यांच्या नाटकावरून १९१६ मध्ये निघालेला चित्रपट अनेक दशके नष्ट झाला असे समजले जात होते. त्याची प्रत २०१४ मध्ये पॅरिस येथील सिनेमातेक फ्रान्सेझ या संग्रहालयात सापडली. ब्रिटनमध्ये आयली नॉरवुड यांनी १९२१ ते १९२३ या काळात ४७ मूकपटांत होम्सची भूमिका केली. स्वतः डॉयल यांनी त्यांच्या कामाची प्रशंसा केली होती. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या पसंतीने झालेले हे रूपांतर असूनही आज ते फारच थोड्यांनी पाहिलेले असते.

बेसिल रॅथबोन आणि नायजेल ब्रूस

१९३९ ते १९४६ या काळात बेसिल रॅथबोन (होम्स) आणि नायजेल ब्रूस (वॉटसन) यांचे चौदा चित्रपट प्रदर्शित झाले. पहिले दोन ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने काढले व त्यांत व्हिक्टोरियाकालीन वातावरण जपले होते. उरलेले बारा युनिव्हर्सल कंपनीचे असून त्यांत होम्स थेट चित्रपट-निर्मितीच्या काळात, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आणून ठेवला आहे आणि तो नाझी हेरांचा पाठलागही करतो. यांपैकी पहिल्या चित्रपटात (१९४२) होम्स सवयीने जुनी टोपी उचलतो आणि वॉटसन त्याला तिची आठवण सोडून देण्यास सांगतो, असा एक बारीकसा प्रसंग आहे. काळ बदलल्याची कबुली इतक्या सहजतेने नंतरच्या कोणीही दिलेली नाही. २०१० च्या आधुनिक मालिकेवर 'होम्सला वर्तमानकाळात आणण्याचे धाडस' केल्याबद्दल टीका करणाऱ्यांना याच चित्रपटांचा दाखला दिला जातो.

रॅथबोन यांची उंच, सडपातळ देहयष्टी व धारदार नाक पॅजेट यांच्या चित्रांशी इतके जुळते की दोन-तीन पिढ्यांसाठी तेच होम्स ठरले. ब्रूस यांच्या वॉटसनबाबत मात्र तीव्र मतभेद आहेत. त्यांनी रंगविलेला वॉटसन प्रेमळ पण धांदरट व मंदबुद्धी आहे. प्रेक्षकांना तो आवडला. अभ्यासकांना तो संहितेशी केलेला द्रोह वाटला.

वॉटसनचा प्रश्न

ही तक्रार क्षुल्लक नाही. डॉयल यांचा वॉटसन हा लष्करी डॉक्टर आहे, अफगाणिस्तानातील मैवंदच्या लढाईत (१८८०) जखमी झालेला आहे आणि साठांपैकी ५६ रचनांचा निवेदक आहे. वाचकाला होम्स दिसतो तो त्याच्याच डोळ्यांनी. होम्सची बुद्धिमत्ता विस्मयकारक वाटते, कारण एका समंजस, अनुभवी माणसाला ती विस्मयकारक वाटते. निवेदकच मूर्ख असेल तर त्याला चकित करण्यात विशेष ते काय? पडद्यावर कॅमेरा हाच निवेदक होतो आणि वॉटसनचे मुख्य काम काढून घेतले जाते. रिकाम्या हाताने उभ्या असलेल्या या पात्राला काय द्यायचे, याचे उत्तर प्रत्येक रूपांतराने निराळे शोधले आहे. ब्रूस यांना विनोद मिळाला. १९५९ च्या हॅमर कंपनीच्या रंगीत 'बास्करव्हिल' चित्रपटात पीटर कुशिंग यांच्यासोबत आंद्रे मॉरेल यांनी प्रथमच संयत, विचारी वॉटसन उभा केला, असे अनेक जाणकार मानतात.

'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ही कादंबरी या दृष्टीने कसोटीची ठरते. तिच्या मध्यभागात होम्स जवळजवळ अनुपस्थित आहे. डार्टमूरच्या माळरानावरील तपास वॉटसन एकटाच करतो आणि पत्रांद्वारे कळवितो. ज्या रूपांतरातील वॉटसन दुबळा असतो, त्यातील हा भाग कोसळतो.

सोव्हिएत मालिका

दिग्दर्शक इगोर मास्लेन्निकोव यांनी १९७९ ते १९८६ या काळात लेनफिल्मसाठी रशियन भाषेत होम्सवरील पाच दूरचित्रपट केले. वासिली लिवानोव हे होम्स, तर विताली सोलोमिन हे वॉटसन होते. लॅटव्हियातील रीगा शहरातील एका जुन्या गल्लीला त्यांनी बेकर स्ट्रीटचे रूप दिले. सोलोमिन यांचा तरुण, चपळ व स्वाभिमानी वॉटसन अनेकांच्या मते सर्व रूपांतरांत अग्रगण्य आहे. १९७९ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. परिणामी पहिल्या चित्रपटातील होम्स वॉटसनला 'अफगाणिस्तानातून' नव्हे, तर मोघमपणे 'पूर्वेकडून' आल्याचे ओळखतो. सेन्सॉरने कथेतील एक शब्द बदलला आणि त्या बदलातच त्या काळाची नोंद राहून गेली. लिवानोव यांना २००६ मध्ये ब्रिटिश सरकारकडून मानद एमबीई हा किताब मिळाला. मॉस्कोत ब्रिटिश दूतावासाजवळ उभारलेल्या पुतळ्यांतील होम्स व वॉटसन यांचे चेहरे याच दोन नटांचे आहेत.

ग्रॅनडा मालिका आणि जेरेमी ब्रेट

१९८४ ते १९९४ या दशकात ग्रॅनडा टेलिव्हिजनने जेरेमी ब्रेट यांना घेऊन ४१ भाग निर्माण केले. संहितानिष्ठेचा मापदंड म्हणून आजही याच मालिकेकडे बोट दाखविले जाते. निर्माते मायकेल कॉक्स यांनी कथांतील तपशिलांची ७७ पानांची टिपणवही तयार करवून घेतली होती. होम्स काय खातो, कसा बसतो, चिलीम कोणत्या मनःस्थितीत ओढतो, याच्या नोंदी तीत होत्या. ब्रेट ती वही जवळ बाळगत व पटकथा मूळ कथेपासून ढळली की हरकत घेत. अनेक दृश्यांची मांडणी पॅजेट यांच्या चित्रांवरून केलेली आहे. वॉटसनची भूमिका प्रथम डेव्हिड बर्क व नंतर एडवर्ड हार्डविक यांनी केली. दोघांनीही ती प्रतिष्ठेने केली. एक नट जाऊन दुसरा आल्याचा धक्का फारसा जाणवत नाही, हे हार्डविक यांचे यश होय.

ही मालिकाही संपूर्ण संहितानिष्ठ नाही. 'फायनल प्रॉब्लेम'च्या भागात मोनालिसाच्या चोरीचे उपकथानक जोडलेले आहे. १९८८ च्या 'डेव्हिल्स फूट' या भागात होम्स अमली पदार्थाची सुई वाळूत पुरून टाकतो. हा प्रसंग कथेत नाही. होम्सचे चाहते असलेल्या लहान मुलांचा विचार करून ब्रेट यांनी तो सुचविला आणि त्यासाठी डॉयल यांच्या कन्येची संमती घेतली. १९९२-९३ मधील दीर्घ भागांत मूळ छोट्या कथा ताणून इतक्या बदलल्या गेल्या, की मालिकेचे कट्टर समर्थकही त्यांचे समर्थन करीत नाहीत.

ब्रेट यांना उन्माद-अवसादाचा मनोविकार होता. १९८५ मध्ये पत्नीच्या निधनानंतर तो बळावला. औषधोपचारांमुळे शरीरात पाणी साठून त्यांची सडपातळ आकृती बदलली व पुढे हृदयविकारही जडला. शेवटच्या वर्षातील एका भागात ते काम करू न शकल्याने होम्सचा तपास त्याचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट याच्याकडे सोपविण्यात आला. सप्टेंबर १९९५ मध्ये वयाच्या ६१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. सुरुवातीच्या आणि अखेरच्या भागांतील ब्रेट यांची तुलना करताना केवळ 'तेज ओसरले' असा शेरा मारणे म्हणूनच अन्यायाचे ठरते. १९९४ चा 'कार्डबोर्ड बॉक्स' हा अखेरचा भाग थकलेल्या शरीराने केलेला आहे. परंतु त्यातील उदासी त्या कथेला पोषकच ठरली आहे.

एकविसावे शतक

गाय रिची यांच्या चित्रपटांत (२००९, २०११) रॉबर्ट डाउनी ज्युनिअर यांचा होम्स मारामारी करणारा व अजागळ आहे. यावर पुष्कळांनी नाके मुरडली. परंतु होम्स मुष्टियुद्धात निपुण असल्याचे डॉयल यांनीच लिहून ठेवले आहे. ज्युड लॉ यांचा वॉटसन तर ब्रूस यांच्यापेक्षा मूळ पात्राच्या कितीतरी जवळ जातो.

स्टीव्हन मॉफॅट व मार्क गॅटिस यांच्या बीबीसीवरील 'शेरलॉक' (२०१०–२०१७) या मालिकेने होम्सला मोबाइल फोनच्या युगात आणले. बेनेडिक्ट कम्बरबॅच व मार्टिन फ्रीमन यांच्या या मालिकेचे चार पर्वांत १२ भाग व एक विशेष भाग झाला. तिच्यातील वॉटसन अफगाणिस्तानातूनच परततो. १८८७ मधील तपशील २०१० मध्ये एक अक्षरही न बदलता चालावा, हा योगायोग सुखावह नाही. होम्सचे निरीक्षण पडद्यावर अक्षरे उमटवून दाखविण्याची तिची पद्धत पुढे अनेकांनी उचलली. जानेवारी २०१२ मध्ये होम्स छतावरून उडी घेतो तेथे दुसरे पर्व संपले आणि तो कसा वाचला याविषयी प्रेक्षकांनी दोन वर्षे तर्क लढविले. तिसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात मालिकेने अशा चाहत्यांचा गटच पात्र म्हणून दाखविला व खुलासा मात्र संदिग्ध ठेवला. उत्तरार्धात रहस्य मागे पडून होम्सचे कुटुंब पुढे आले, ही तक्रार सर्वसाधारणपणे मान्य होण्याजोगी आहे.

याच सुमारास अमेरिकेत 'एलिमेंटरी' (२०१२–२०१९) ही मालिका सात पर्वे व १५४ भाग चालली. तिच्यात जॉनी ली मिलर यांचा होम्स व्यसनमुक्तीच्या वाटेवर असून ल्यूसी ल्यू यांनी साकारलेली जोन वॉटसन त्याची देखरेख करते व हळूहळू स्वतः उत्तम तपासनीस होते. योगायोग असा की, मिलर व कम्बरबॅच यांनी २०११ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये 'फ्रँकेनस्टाइन' नाटकातील दोन प्रमुख भूमिका आलटून-पालटून केल्या होत्या.

आयरीन अ‍ॅडलर: तुलनेचे एक उदाहरण

'अ स्कँडल इन बोहेमिया' या कथेत आयरीन अ‍ॅडलर ही गायिका होम्सला बुद्धीने हरविते, स्वतःच्या पसंतीच्या पुरुषाशी विवाह करते आणि निघून जाते. ग्रॅनडाने १९८४ मध्ये याच कथेने प्रारंभ केला व तिचा विजय अबाधित ठेवला. रिची यांच्या चित्रपटात ती मोरिआर्टीच्या हाताखाली काम करते. 'शेरलॉक'मध्ये ती अखेर होम्सकडून पराभूत होते व पुढे त्यानेच तिचा जीव वाचविल्याचे दिसते. 'एलिमेंटरी'त तर तीच मोरिआर्टी असल्याचे उघड होते. १८९१ च्या कथेतील स्त्री सव्वाशे वर्षांनंतरच्या काही रूपांतरांपेक्षा अधिक स्वतंत्र असावी, ही बाब चाहत्यांनी वारंवार निदर्शनास आणली आहे.

भारतीय संदर्भ

'द साइन ऑफ फोर' या कादंबरीचे मूळ १८५७ च्या उठावातील आग्रा येथे लुटलेल्या खजिन्यात आहे. तिच्यातील अंदमानी टोंगाचे वर्णन वसाहतकालीन पूर्वग्रहांनी भरलेले आहे. १९८३ च्या सोव्हिएत व १९८७ च्या ग्रॅनडा रूपांतरांनी हे पात्र ठेवले. 'शेरलॉक'ने शोल्टो व स्मॉल ही नावे घेतली, पण मूळ कथानक मात्र वगळले. संहितानिष्ठा ही सदैव सद्गुणच असते का, हा प्रश्न भारतीय वाचकाला येथे विशेष जाणवतो.

'बास्करव्हिल्स'वरून अजय कर यांनी १९५१ मध्ये 'जिघांसा' हा बंगाली चित्रपट केला. बिरेन नाग यांचा 'बीस साल बाद' (१९६२) हा हिंदी चित्रपटही त्याच कथाबीजावर आधारलेला आहे. त्यात माळरानावरील श्वानाऐवजी रात्री ऐकू येणारे गाणे भीतीचे कारण होते आणि होम्स जवळजवळ नाहीसाच होतो. शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या ब्योमकेश बक्षीवर बासू चटर्जी यांनी दूरदर्शनसाठी केलेली मालिका (१९९३) हे होम्सचे रूपांतर नव्हे. तरीही रजित कपूर यांचा ब्योमकेश व के. के. रैना यांचा अजित या जोडीकडे पाहताना होम्स-वॉटसन यांची आठवण येणे अपरिहार्य आहे. अजित हा निवेदक असूनही येथे मूर्ख ठरविला जात नाही.